कॅसेट आधी, फॉरमॅट नंतर



पर्युषण जवळ आलं की आमच्याकडे स्तवनांचा फोल्डर उघडतो. त्यात सगळं एमपीथ्री. परवा पुतण्या म्हणाला, "काकू, सगळं ओपसमध्ये करून देतो, जागा वाचेल. मग त्या कॅसेटी काढून टाका."

कॅसेटींत एक सासूबाईंच्या आवाजातली आहे. त्या आता नाहीत. म्हणून आधी नीट समजून घेतलं.

ओपस २०१२ साली प्रमाणित झाला. व्हॉट्सॲपवर आपण बोलून पाठवतो ते निरोप त्यातच असतात. कमी जागेत तो एमपीथ्रीपेक्षा चांगला वाजतो, हे खरं. पण एमपीथ्री करतानाच कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळलेला असतो. त्याचं ओपस केलं की पुन्हा थोडं गाळलं जातं. पाणी गाळल्यावर जिवाणी आपण परत जागच्या जागी सोडतो. इथे गाळलेलं कुठेच उरत नाही. फ्लॅक काहीच गाळत नाही, पण एमपीथ्रीचं फ्लॅक केलं तर फाइल फुगते, गेलेला आवाज येत नाही.

म्हणून ठरवलं: ज्यांची कॅसेट किंवा सीडी नाही, त्या एमपीथ्री आहेत तशाच राहतील. एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रम २०१७ साली बंद झाला, तरी फाइली कुठल्याही फोनवर वाजतात. ज्यांचं मूळ घरात आहे, ते थेट मुळावरून फ्लॅकमध्ये उतरवायचं आणि फोनसाठी त्यावरून ओपस करायचं. कॅसेट मात्र टाकायची नाही.

लोणावळ्याच्या पावसात फितीला बुरशी धरते, म्हणून हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. तोवर कॅसेट घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. या पर्युषणात जुनी एमपीथ्रीच लावू.

आपल्याच मावळात, कामशेतजवळच्या पाले गावच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्याची सुरुवात अरिहंतांच्या वंदनाने होते. तेच वंदन आपण आज देवनागरीत वाचतो, मोबाइलवर ऐकतो. लिपी बदलली, साधनं बदलली, आणि त्यात काही वावगं नाही. पण एखाद्या अक्षराची शंका आली तर अभ्यासकांना त्या दगडापाशीच जावं लागतं. तुमच्या घरातही कुणाच्या आवाजाची अशी एखादी फीत असेल, तर आधी ती शोधून ठेवा. फॉरमॅटचं मग बघू.