दोन वर, दोन खाली

परवा इथं कुणीतरी विचारलं होतं, इंदूरच्या गिरण्यांमध्ये आपली मराठी माणसं काय काय कामं करायची. म्हटलं, बाबांबद्दल लिहावं.

बाबा एका कापड गिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. गिरणी बंद पडली, हिशेबाचे पैसे अडकले. त्यांनी जुना लेथ (इथं सगळे खरादच म्हणतात) आणून अंगणात बसवला. काही वर्षं चालवला. मग कामं आटली, मशीनवर ताडपत्री पडली, आणि घरात तो विषय कुणी काढेनासं झालं.

मी इंजिनिअरिंगला असताना आमचा संघ पिथमपूरला बाहाच्या स्पर्धेत उतरला. तिथं सगळ्यांना एकच ठरलेलं इंजिन, त्यात फेरफार चालत नाही. आमची खुमखुमी तिथंच राहून गेली. स्पर्धेनंतर एक जुनी चेसिस भंगारात निघाली, ती आम्ही चौघांनी घेतली आणि तिच्यावर आरएक्स 100 चं इंजिन चढवलं. 98 सीसी! मोटरसायकलला ते पळवतं, पण एटीव्हीचं वजन ओढताना चढावर धापा टाकायचं. मग ठरलं, स्ट्रोक वाढवायचा. बोअर 50, स्ट्रोक 50. स्ट्रोक 54 केला की 106 सीसी.

या इंजिनाचा क्रँक एकसंध नसतो. दोन चकत्या, मध्ये पिन दाबून बसवलेली. पिनची भोकं वेल्डिंगनं भरायची आणि केंद्रापासून 2 मि.मी. बाहेर नवी पाडायची. बाजारात एका मिस्त्रीनं ते करून दिलं. मी हेड उघडून जोडणी केली, किक मारली आणि ठक्! पिस्टन हेडला भिडला. स्ट्रोक 4 नं वाढला म्हणून मी सिलिंडरखाली 4 मि.मी.ची प्लेट घातली. आता ठक् नाही, पण दमही नाही. कॉम्प्रेशनच गेलं. तरी तसंच रेटलं. तासाभरात बिग एंडचं बेअरिंग खडखडायला लागलं.

रात्री मी अंगणात क्रँक पुढ्यात घेऊन बसलो होतो. बाबा मागे येऊन उभे राहिले.

"काय करून राहिला रे?"

सांगितलं. त्यांनी प्लेट हातात घेतली. "चारची का घातली?"

"स्ट्रोक चारनं वाढला ना."

"अरे, वर दोन, खाली दोन. पिस्टन वर दोनच जास्त येतो. चार वर्षं काय शिकवलं तुम्हाला?"

मग क्रँक उजेडात धरला. "आणि ही भोकं वेगवेगळी पाडलीत. पिन तिरकी बसली आहे." एवढं बोलून झोपायला गेले.

सकाळी उठलो तर ताडपत्री निघालेली. बाबा फेसप्लेट पुसत होते.

जुन्या चकत्या त्यांनी बाजूला टाकल्या, दुसरा क्रँक आणायला लावला. वेल्डिंगनंतर दोन्ही चकत्या पुन्हा फेस केल्या, एकमेकींवर बांधल्या आणि भोक एकाच सेटिंगमध्ये बोअर केलं. घाई मला, त्यांना नाही. पिन दाबल्यावर व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावला. काटा हलला की तांब्याच्या हातोडीनं एक ठोका, परत गेज. दुपारचं जेवण थंड झालं. आई दोनदा हाक मारून गेली. काटा जेमतेम थरथरेपर्यंत त्यांनी सोडलं नाही.

केसमध्ये बिग एंड घासत होतं तिथं ग्राइंडर फिरवला. पिस्टन खाली जास्त येतो म्हणून त्याचा स्कर्ट थोडा कापला. 2 मि.मी.ची प्लेट घातली, हेडमध्ये सोल्डरची तार ठेवून इंजिन हातानं फिरवलं. दबलेली तार मोजली तर मिलिमीटरभर. बाबा म्हणाले, "आता मार किक."

बायपासच्या पलीकडच्या मुरमाच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढली. जास्त आरपीएमला हँडल झिणझिणायचं. बाबा म्हणाले, तोल साधायला चकत्यांचं वजन बघावं लागेल, पुढच्या रविवारी. मी बसून बघा म्हणालो तर नाही बसले. सायलेन्सरजवळ उकिडवे बसून कान देऊन आवाज ऐकत राहिले.

पुढच्या रविवारी खरंच पुन्हा चकत्या निघाल्या. ताडपत्री मात्र मशीनवर परत गेली नाही. त्या उन्हाळ्यात आईनं गच्चीवर तिच्यावर कुरडया घातल्या.