करार नसलेला माणूस

बेसबॉल हा उन्हाळ्यातला खेळ, असे अमेरिकेतले लोक सांगतात. सांगोत बापडे! माझा हंगाम खेळ संपल्यावर सुरू होतो. आपल्याकडे दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जातो, त्या सुमारास तिकडे वर्ल्ड सीरिज आटोपते. मग फेब्रुवारीच्या मध्यावर खेळाडू सरावाला जमेपर्यंत एकही चेंडू न फेकता जो खेळ चालतो, तो मला अधिक रंगतदार वाटतो. कोणाचा करार संपला, कोण कोणाच्या बदल्यात गेला, कोणाला केवढी रक्कम मिळाली! या गप्पांना अमेरिकेत ‘हॉट स्टोव्ह लीग’ असे जुने नाव आहे. पूर्वी लोक हिवाळ्यात शेगडीभोवती हात शेकत हेच बोलत, म्हणून. आपली शेकोटीच म्हणा ना.

संधी-समास शिकवणाऱ्या माणसाला बॉस्टनच्या रेड सॉक्सशी काय कर्तव्य, असे आमच्या स्टाफरूममध्ये नेहमी विचारले जाते. त्याचे कारण घरगुती आहे. माझी बहीण तिकडे दिलेली. तिच्या मुलाचे मराठी ‘मामा, तू कसा आहेस?’ याच्या पुढे सरकेना आणि माझे इंग्रजी त्याला उमजेना. तेव्हा मी त्याचा संघच दत्तक घेतला. बॉस्टनला संध्याकाळी सातच्या पुढे सामना सुरू होतो, तेव्हा इथे पहाटेचे साडेचार वाजून गेलेले असतात. काकडआरतीची वेळ! त्या वेळी आम्ही मामा-भाचे फोनवर असू, आणि या खेळाच्या निमित्ताने पोराला मराठीतले एक अवघड सर्वनाम आपोआप येऊ लागले. इंग्रजीचे ‘वुई’ एकटेच सगळीकडे राबते. मराठीत ‘आम्ही’ निराळे आणि ‘आपण’ निराळे. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. २०१८ साली रेड सॉक्सने वर्ल्ड सीरिज जिंकली तेव्हा पोरगा ओरडला, ‘‘मामा, आपण जिंकलो!’’ व्याकरणाच्या पेपरात इतके अचूक उत्तर मला क्वचितच मिळाले आहे.

त्या संघाचा जीव होता मूकी बेट्स. (नावाचा मराठी अर्थ मनात आणू नये, त्याची बॅट फार बोलकी आहे.) २०११ साली संघाने त्याला पाचव्या फेरीत उचलले आणि आपल्या हातांनी वाढवले. २०१८ साली तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये मालकांनी त्याला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे पाठवून दिले.

हिशेब मला ठाऊक आहे, तो कोणी समजावू नये. पगारांची बेरीज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की संघाला कर भरावा लागतो आणि वर्षामागून वर्षे मर्यादा ओलांडली की कराचा दर चढतो. शिवाय बेट्सचा करार वर्षभरात संपणार होता. तो फुकट जाण्यापेक्षा काही पदरात पाडून घ्यावे, हा विचार वाण्याच्या दुकानात शहाणपणाचा ठरेल. पण पदरात काय पडले? तीन खेळाडू. पहिला अ‍ॅलेक्स व्हर्डुगो. तो २०२३ च्या डिसेंबरात, दुसऱ्या कोणाकडे नव्हे, हाडवैरी न्यूयॉर्क यांकीजकडे गेला. दुसऱ्याचे नावच जीटर डाउन्स, म्हणजे यांकीजच्या जुन्या कप्तानावरून ठेवलेले. तो आमच्याकडून अवघे चौदा सामने खेळला. तिसरा कॉनर वाँग, तो काय तो २०२५ पर्यंत टिकला. तिकडे डॉजर्सनी बेट्सला बारा वर्षांसाठी साडेछत्तीस कोटी डॉलर देऊ केले आणि त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज जिंकली.

बेब रूथला याच संघाने यांकीजना एक लाख डॉलरना विकल्याचे जाहीर झाले ते जानेवारी १९२० मध्ये. १९१८ च्या विजेतेपदानंतर पुढचे विजेतेपद उजाडायला २००४ साल यावे लागले. शंभर वर्षांनी त्याच घराण्याने त्याच दुकानात पुन्हा जावे, याला काय म्हणावे!

मी प्रत्येक सौद्याला नावे ठेवणारा माणूस नाही. डिसेंबर २०२४ मध्ये चार होतकरू पोरे देऊन गॅरेट क्रोशे हा चेंडूफेक्या आणला, तेव्हा मी घरात पेढे वाटले. पुढच्या हंगामात त्याने २५५ फलंदाजांना हात हलवत परत पाठवले. पण त्याच्या आदल्या हिवाळ्यात ख्रिस सेलला म्हातारा समजून अटलांटाला दिले, आणि त्या म्हाताऱ्याने २०२४ चा साय यंग पुरस्कार पटकावला! नंतर रफाएल डेव्हर्स. २०२३ च्या जानेवारीत त्याच्याशी दहा वर्षांची सोयरीक केली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत अ‍ॅलेक्स ब्रेगमनला आणून त्याची थर्ड बेसची जागा त्याला देऊन टाकली. डेव्हर्स रुसला, जूनमध्ये त्याची सॅन फ्रान्सिस्कोला पाठवणी झाली. घरच्या मुलाची खोली पाहुण्याला द्यायची आणि मुलगा तोंड फुगवतो म्हणून त्यालाच बाहेर काढायचे, असा हा न्याय.

खेळाडूला करार असतो, मालकाला हिशेबाची वही असते. मला यातले काहीच नाही. मुंबईकरांना हे सांगायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने रोहितला बाजूला सारून हार्दिक पंड्याला कप्तान केले, तेव्हा पुढच्या हंगामात वानखेडेवर आपल्याच कप्तानाची हुर्यो उडाली. पण हुर्यो उडवायलाही लोक तिकीट काढूनच आले होते.

भाच्याने मात्र तिकीटच बदलले. बेट्स गेला त्या दिवशी तो बारा-तेरा वर्षांचा होता. ‘‘तुम्ही त्याला विकलं,’’ एवढेच तो फोनवर म्हणाला. मला तो एरवी ‘तू’ म्हणतो. तेव्हा हे ‘तुम्ही’ आदरार्थी नव्हते, बहुवचनी होते. मला त्याने मालकांच्या पंगतीला बसवले होते. त्यानंतर तो बेट्सच्या मागोमाग डॉजर्सचा झाला. माणसावर प्रेम करावे, सदऱ्यावर कशाला, असे त्याचे म्हणणे. सदरा टिकतो, असे माझे. पाच वर्षे हा वाद चालला, पण पहाटेचे फोन तुरळक होत गेले. कधी आलाच, तर ‘‘तुमचा क्रोशे चांगला आहे हं,’’ अशा परकेपणाने.

२०२५ ची वर्ल्ड सीरिज सातव्या सामन्यापर्यंत गेली. टोरंटोत अकराव्या डावात डॉजर्स जिंकले, तेव्हा इकडे रविवारची सकाळ होती. फोन वाजला.

‘‘मामा, आपण जिंकलो!’’

मी क्षणभर गप्प राहिलो. इथे ‘आम्ही’ हवे होते. मी ते सुधारले नाही.

‘‘जिंकलो खरे,’’ मी म्हणालो. ‘‘पण ब्रेगमनचं काय रे? राहील का आपल्याकडे?’’

‘‘जाणार तो, मामा. लिहून ठेव.’’

जानेवारीत ब्रेगमन शिकागोला गेला. त्या दिवशी पुन्हा फोन आला आणि थर्ड बेसवर कोणाला आणावे यावर आम्ही पाऊण तास भांडलो.