एक बोलतो, सगळे ऐकतात

नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी गाड्या पायथ्याच्या नांदुरीतच थांबवतात आणि भाविकांना एसटीने सप्तशृंगगडावर नेतात. एवढी गर्दी एका डोंगरावर जमली की सगळे मोबाइल त्याच मोजक्या टॉवरवर तुटून पडतात. फोनवर दांड्या पूर्ण दिसतात, कॉल मात्र लागत नाही. चेंगराचेंगरीची धास्ती असते ती नेमकी याच वेळी. बिनतारी यंत्रणेत काम करणाऱ्या मला म्हणूनच नांदुरीहून गडावर चढणाऱ्या घाटाची काळजी वाटते.

वॉकीटॉकी आता जुनाट झाली असं पुष्कळांना वाटतं. मला ते मुळीच पटत नाही. फोनवर दोघंच बोलतात. वॉकीटॉकीच्या सेटचं बटण दाबून एकदा सांगितलं की नांदुरीच्या नाक्यावरचा शिपाई, घाटातली क्रेन, पहिल्या पायरीवरचा बंदोबस्त, सगळे एकाच वेळी ऐकतात. नंबर शोधणं नाही, रिंगची वाट पाहणं नाही.

अडचण आहे ती डोंगराची. दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपासच्या सेटची लहर सुमारे दोन मीटर लांबीची असते. कड्याच्या धारेवरून ती थोडी वाकते, पण कड्याला लागून असलेल्या खोल दरीत उतरत नाही. माळावर काही किलोमीटर बोलणारा पाच वॉटचा हँडसेट घाटात एका वळणाआड मुका होतो. यावरचा उपायही डोंगरच देतो. उंचावर रिपीटर बसवायचा. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवरून जास्त ताकदीने पुढे पाठवतो. पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नये. पावसात वीज जाते, बॅटरी उतरते, केबलमध्ये पाणी शिरतं. मग सेट रिपीटरशिवायच्या थेट चॅनेलवर घ्यायचे आणि वळणावळणावर माणूस उभा करून निरोप खाली पोचवायचा. याची तालीम यात्रेआधीच झाली पाहिजे, आणि तीही रात्री.

१२ जुलै २०२३ च्या सकाळी गडावरून खामगावला निघालेली एसटी याच घाटात दरीत कोसळली. एका महिलेचा मृत्यू झाला, जखमींना वणीच्या ग्रामीण रुग्णालयात आणलं. अशा वेळी दरीत आधी उतरतात ते गावकरी, आणि त्यांच्या हातात सेट नसतो. पोलिसांची फ्रिक्वेन्सी त्यांना देता येत नाही, हे योग्यच आहे. पण ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले अर्ध्या वॉटचे सेट २०१८ पासून विनापरवाना वापरता येतात. त्यांचा पल्ला तोकडा, तरी दोर धरून खाली गेलेला माणूस रस्त्याच्या कठड्यावरच्या माणसाशी बोलू शकतो. स्ट्रेचर कधी सोडायचं, दोर कधी ओढायचा, हे ओरडून कळत नाही. असे चार-सहा सेट, चार्ज केलेले, नांदुरीत आणि गडावर कायम असावेत.

आणखी एक गोष्ट यंत्राची नाही, पण तिच्यावाचून यंत्र वाया जातं. वणी दिंडोरी तालुक्यात, गड कळवणात, म्हणून अपघाताची जागा सगळ्यांना एकाच खुणेने कळली पाहिजे. ११२ ला केलेला फोन लागतो तो नवी मुंबईच्या केंद्रात, ते भरलं असेल तर नागपूरच्या. घाबरलेला प्रवासी तिथल्या माणसाला सांगतो, "घाटात, वळणावर." घाटात वळणं किती! प्रत्येक वळणाच्या कठड्यावर नांदुरीपासून चढत्या क्रमाने ठळक नंबर रंगवावा, अंधारात हेडलाइट पडला की चमकेल असा. तोच क्रम पोलिसांच्या, १०८ रुग्णवाहिकेच्या, एसटीच्या आणि देवस्थानच्या नकाशावर असावा. सेटवर बोलताना आधी वळणाचा नंबर, मग जखमी किती, मग बाकीचं.