काही झालं नसताना

समुपदेशकाकडे जाते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘का गं, काय झालं?’ नवऱ्याशी पटत नाही, मुलगा ऐकत नाही, झोप लागत नाही, असं काहीतरी सांगितलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. नोकरी बरी चालली होती, घर बरं चाललं होतं, रक्तातली साखर जरा वर होती, एवढंच. पण पन्नाशीच्या अलीकडे येऊन असं जाणवायला लागलं होतं की दिवसभरात आपण जे जे करतो त्यातलं बरंचसं कुणी नाराज होऊ नये म्हणून करतो. हे काही दुखणं नव्हे. डॉक्टरांना सांगायला गेले असते तर त्यांनी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या लिहून दिल्या असत्या.

सल्ल्याला आपल्याकडे तोटा नाही. आत्या देते, शेजारीण देते, रिक्षावाला देतो, व्हॉट्सअ‍ॅप तर सूर्योदयाआधीच देतं. पण आपल्या माणसाच्या सल्ल्यात त्याचंही काही अडकलेलं असतं. मी नोकरी सोडावी की नाही हे आईला विचारलं तर उत्तर तिच्या रात्रीच्या झोपेवर ठरतं, नवऱ्याला विचारलं तर घराच्या हप्त्यावर. त्यात त्यांचा दोष नाही. समोर बसलेल्या समुपदेशक बाईंना मात्र माझ्या उत्तराशी काही देणंघेणं नव्हतं, आणि सुरुवातीला मला त्याचा रागच यायचा. इतके पैसे मोजून बसलोय तर ‘तुमचं बरोबर आहे’ असं एकदा तरी म्हणावं की नाही! त्या म्हणायच्या नाहीत. मी म्हणाले, ‘सणावाराला सगळं घरी करावंच लागतं.’ त्यांनी विचारलं, ‘नाही केलं तर नेमकं काय होईल? शेवटपर्यंत सांगा.’ शेवटपर्यंत सांगता सांगता मी तिसऱ्या वाक्यालाच अडखळले, कारण तिथे नणंदेच्या चेहऱ्यापलीकडे काही नव्हतं.

बाई आरईबीटीवाल्या, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीच्या. ही पद्धत अल्बर्ट एलिसची, 1955च्या सुमाराची. एलिस मूळचा मनोविश्लेषणात तयार झालेला, पण रुग्णाला वर्षानुवर्षं कोचावर झोपवून बालपण उकरत बसणं त्याला पटेना. माणसाला त्रास प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाविषयीच्या समजुतीने होतो, हे सूत्र त्याने एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाकडून घेतलं. इच्छा ठेवा, पण तिचा हट्ट करू नका, असा त्याचा मुद्दा. त्याचा स्वतःवरचा प्रयोग मला त्याच्या सिद्धांतापेक्षा आवडतो. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायची त्याला इतकी भीती वाटायची की त्याने न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं ठरवलं. बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसायचं आणि मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची. तो सांगतो त्याप्रमाणे अशा 130 जणी झाल्या. त्यातल्या 30 उठून गेल्या, 100 जणींशी गप्पा झाल्या, एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं, आणि ती आलीच नाही. हिशेबाने पाहिलं तर मोहीम सपशेल फसली. भीती मात्र गेली, कारण कुणी पोलीस बोलावला नाही आणि कुणी किंचाळलंही नाही.

हा गृहस्थ आपल्याकडे पोचला तो बऱ्याच अंशी एका मराठी माणसाच्या पत्रांतून. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिसशी काही दशकं पत्रव्यवहार केला, शंका काढल्या आणि पुढे इथल्या कितीतरी जणांना ही पद्धत शिकवली. डॉ. आनंद नाडकर्णी आणि ठाण्यात 1990 साली सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेने ती व्याख्यानांत, शाळांत, नाट्यगृहांत नेली. अंजली जोशींनी तर एलिसवर ‘मी अल्बर्ट एलिस’ ही मराठी कादंबरीच लिहिली. अमेरिकेतला हा फटकळ, नास्तिक माणूस इथे इतका रुळला याचं मला नवल वाटत नाही. रामदासांचे 205 श्लोक आपण लहानपणी घोकलेले, आणि ते सगळे मनाशी बोलण्याचेच. मनाला समोर बसवून त्याच्याशी वाद घालता येतो, ही गोष्ट आपल्याला नव्याने शिकवावी लागत नाही. पण साम्य इथवरच. रामदासांना ते मन रामाकडे न्यायचं आहे. एलिस मनाला बागेतल्या बाकावर सोडतो आणि पुढचं तू बघ म्हणतो. दोन्हीला एकच म्हणणाऱ्या भाषणांना टाळ्या पडतात. मला ते दोघांवरही अन्यायाचं वाटतं.

मला गृहपाठ मिळाला तो दिवाळीच्या तोंडावर. एलिस आपल्याकडे येणाऱ्यांना लाज घालवण्याचे व्यायाम द्यायचा, म्हणजे भरल्या आगगाडीत मोठ्याने स्टेशनांची नावं पुकारायची वगैरे. माझा व्यायाम घरगुती होता. चकली विकत आणायची आणि कुणी विचारायच्या आधी आपणहून सांगायचं, ‘विकतची आहे हं.’ कारण द्यायचं नाही. ‘या वेळी ऑफिसात फारच काम होतं’ हे शेपूट लावायचं नाही. वाचताना हसू येईल, पण ते शेपूट गिळताना माझ्या तळहाताला घाम सुटला होता. नणंद म्हणाली, ‘अगंबाई! कुठून आणलीस? खुसखुशीत आहे.’ सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं मला दोन दिवस पुरलं.

घरातल्या माणसांना आपल्या जुन्या स्वभावाची सवय झालेली असते. त्यावर त्यांची वेळापत्रकं बसवलेली असतात. मी ‘मला जमणार नाही’ म्हणायला लागले तेव्हा नवरा म्हणाला, ‘तू पूर्वी अशी नव्हतीस.’ तो तक्रार करत होता, आणि त्याचं म्हणणं खरंच होतं. स्वतःत बदल होतो तेव्हा शेजारच्या माणसाला न विचारता त्याचंही आयुष्य थोडं बदललं जातं. व्यक्तिमत्त्व फुलवण्याच्या पुस्तकांत याची किंमत क्वचितच लिहिलेली असते. आमच्याकडे काही महिने बऱ्यापैकी कुरबूर होती. रविवारचा डबा कोण भरणार, आईंना दातांच्या डॉक्टरकडे कोण नेणार, अशा फुटकळ गोष्टींवरून. त्या सुटल्या त्या शहाणपणाने नव्हे, नवऱ्याने रजेचा अर्ज टाकल्याने.

एक गोष्ट मनाला खात राहते. माझ्या एका भेटीची फी म्हणजे आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचा निम्मा पगार. माझा प्रश्न ‘आयुष्यात अर्थ कुठे आहे’ असा, त्यांचा नवऱ्याच्या दारूचा. सरकारने ऑक्टोबर 2022मध्ये टेली-मानस सुरू केलं. 14416 वर फुकट आणि मराठीतही बोलता येतं. मावशींना नंबर दिला. त्यांनी तो ठेवला आणि विचारलं, ‘पण बोलायचं कुठून? घरात तर तेच बसलेले असतात.’ मग आमच्या गॅलरीतून.

बोलण्याने काय होतं, काय होत नाही, याचा विचार करताना मला व्हिएन्नाची बर्था पापेनहाइम आठवते. आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता 1880मध्ये ती स्वतः आजारी पडली. डॉ. ब्रॉयर तिचं बोलणं तासन्‌तास ऐकत. बोलून बरं करणं हे नाव त्या उपचाराला तिनेच दिलं. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या 1895च्या पुस्तकात ती ‘अ‍ॅना ओ.’ या नावाने अजरामर झाली. ती बरी झाली असं पुस्तकात सूचित होतं. प्रत्यक्षात त्यानंतर तिला आरोग्यधामांत अनेकदा राहावं लागलं. पण पुढे फ्रँकफर्टला तिने अनाथाश्रम चालवला, 1904 साली ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली, विकल्या जाणाऱ्या मुलींसाठी आयुष्य वेचलं, आणि त्या जुन्या उपचाराविषयी ती फारसं कधी बोलली नाही. तिला जगायला कारण मिळालं ते बोलण्यातून की कामातून? उपचारवाल्यांनी तिचं श्रेय घेऊ नये असं मला वाटतं. पण ती बोललीच नसती तर पुढचं सगळं झालं असतं, हेही मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

हे मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘अर्थ शोधून द्यायचं काम माझं नाही. तुम्ही कुणाला घाबरून काय टाळताय एवढंच आपण इथे बघतो.’ मग भेटी लांबवू या असंही म्हणाल्या. मला ते जरा लागलं. आपण नाही म्हणायचं आणि समोरच्याने ते सहन करायचं याची सवय झाली होती, उलट बाजूने ते ऐकायची नव्हती.

मोकळ्या झालेल्या शनिवारी मी मोडी लिपीच्या वर्गाला जाते. ऑफिसला त्याचा उपयोग नाही, मुलाला नाही, बढतीला तर नाहीच. वर्गात सगळ्यात हळू वाचणारी मीच. परवा सासूबाईंनी पत्र्याच्या पेटीतून त्यांच्या आजोबांचे कागद काढून दिले आणि म्हणाल्या, ‘बघ काय लिहिलंय, कर्ज निघालं तर मला सांगू नकोस.’ पहिल्या पानावर निघाला तो चिंचेच्या एका झाडावरून भावाभावांत झालेला तंटा. दुसरं पान अजून लागलेलं नाही.