गोदामातील भोंगा

पंचवटीतील आमच्या गोदामात वडील पावसाळा नाकाने ओळखत. थप्पीत हात घालायचा, मूठभर तूरडाळ हुंगायची. दमट वास आला की पोती हलवायची. बहुधा तोवर उशीर झालेला असे. मग कीड आणि नाइलाजाने विषारी गोळ्यांची धुरी. त्या दिवशी वडील जेवत नसत.

गेल्या वर्षी माझी पुतणी पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून चालणारी फॅब लॅब ही कार्यशाळा पाहून आली आणि तळहाताएवढा एक फलक घेऊन बसली. त्याचे नाव आर्डुइनो. २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ गावी विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून तो घडवला गेला. कर्त्यांनी त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवला : कोणीही बनवावा, बदलावा, विकावा, बदललेला आराखडा मात्र तसाच खुला ठेवावा. फक्त नाव त्यांचे.

तिने फलकाला आर्द्रता मोजणारा सेन्सर जोडला. सत्तर टक्क्यांवर भोंगा वाजणार होता. तो अखंड वाजू लागला, कारण भिंतीवर बसून तो पावसाळी हवाच मोजत होता. कंटाळून आम्ही तो बंद केला, आणि नेमकी तेव्हाच मधल्या थप्पीला ओल लागली.

मग लांब तार सोडून सेन्सर थप्पीच्या पोटात गेला. तेथे तो डाळीच्या भुकटीने बुजला. माझ्या पत्नीने पाणी गाळायच्या जुन्या गळण्याचा तुकडा त्यावर बांधला. हवा आत जाते, भुकटी बाहेर राहते.

शेजारच्या व्यापाऱ्याने ही युक्ती विचारली, तेव्हा मी विषय टाळला. धंद्यातली गोष्ट धंद्यातच राहावी, ही आमची रीत. पुतणी म्हणाली, "काका, मूळ आराखड्याचे आपण किती पैसे दिले होते?"

मी निरुत्तर झालो. चार दानांतील ज्ञानदानावर मी प्रवचने ऐकली होती, पुस्तकांसाठी देणग्याही दिल्या होत्या. स्वतःजवळचे काही द्यायची वेळ मात्र प्रथमच आली होती.

दुसऱ्या दिवशी आराखडा आणि गळण्याचा तुकडा घेऊन मी स्वतः त्यांच्याकडे गेलो. महिन्याभराने ते आले. ओल फरशीतून चढते, म्हणून त्यांनी तळाच्या पोत्यांत दुसरा सेन्सर बसवला होता. ती सुधारणा आम्हीही केली.

यंदा आमच्या गोदामात धुरी द्यावी लागली नाही.