हलत्या घराची मांडामांड

घर लावणे ही गोष्ट आपल्याकडे एकदाच करावयाची समजली जाते. पलंग कोठे, कपाट कोठे, देव कोणत्या भिंतीला, हे एकदा ठरले की पुढे उरते ते केवळ आवरणे. बदलीच्या नोकरीत असलेल्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला हे स्थैर्य तीन-चार वर्षांपुरतेच येते. पण तेवढ्या काळात निदान भिंती तरी जागच्या जागी राहतात. ज्या घराच्या भिंतीच एखाद्या पहाटे उठून चालू लागतात, त्या घराची मांडामांड ही गोष्ट निराळीच. गेले चौदा महिने मी अशा घरात राहत आहे.

मी रेल्वेत कारकून आहे. रूळ किंचित उचलून सरळ करणारी आणि स्लीपरांखालची खडी दाबून बसविणारी अवजड यंत्रे आपण प्रवासात कधी तरी पाहिली असतील. पिवळ्या रंगाचे ते धूड आडमार्गावर उभे असते आणि आपली गाडी त्याच्याकडे दुर्लक्ष करून निघून जाते. हे यंत्र एका गावी नांदत नाही. काम पुढे सरकेल तसे ते पुढे सरकते आणि त्याच्यामागे त्याची माणसेही सरकतात. त्या माणसांच्या बिऱ्हाडासाठी जुने प्रवासी डबे फिरवून घेतलेले असतात. यंत्रावरच्या मंडळींची हजेरी, प्रवासभत्ता आणि सुट्या भागांचा जमाखर्च लिहिण्यासाठी माझी नेमणूक या पथकाबरोबर झाली आणि कोट्यातील भाड्याची दोन खोल्यांची जागा सौ.च्या व मुलीच्या स्वाधीन करून मी डब्यात राहावयास आलो.

डबा म्हटले की रेल्वे-प्रवास डोळ्यांपुढे येतो. पण आमचा डबा आता प्रवासी नाही. मद्रासजवळच्या पेरांबूरला पंडित नेहरूंच्या हस्ते १९५५ साली सुरू झालेल्या कारखान्यात ज्या धर्तीचे पोलादी डबे बनू लागले आणि २०१८ साली ज्या धर्तीचा शेवटचा डबा तेथून बाहेर पडला, त्याच कुळातला तो आहे. प्रवासी वाहण्याची वर्षे संपल्यावर त्याच्यातले बाक काढून आडव्या भिंती घातल्या. एका टोकाला स्वयंपाकघर झाले, दुसऱ्या टोकाला न्हाणी. निवृत्तीनंतर पुन्हा कामावर घेतलेल्या एखाद्या वृद्ध हेडक्लार्कासारखा तो आडमार्गावर उभा असतो आणि पूर्वीच्या अधिकाराची आठवण म्हणून की काय, वारा सुटला की कुरकुरतो.

त्यात माझी खोली साडेसात फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद. समोरासमोर दोन बाक, मध्ये भिंतीला मिटणारी एक फळी, तीच मेज. खिडकी एक. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस अंशांवर पारा गेला की पोलादी छत तव्यासारखे तापते आणि छपरावरच्या टाकीतले पाणी दुपारी नळावाटे चहापुरते गरम होऊन येते. तेव्हा खिडकीला वाळ्याचा पडदा लावून, त्यावर पाणी मारून, कचेरीचे कागद दगडाखाली दाबून काम करावयाचे.

पहिल्या दिवशी मी सामान लावीत होतो तेव्हा पथकातले वृद्ध मिस्त्री दारात उभे राहून पाहत होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाबूजी, रेल में सामान रखते नहीं, बाँधते हैं।” या एका वाक्यात हलत्या घराचे सगळे शास्त्र आहे. इंजिन येऊन डब्याला लागते तेव्हा बसणारा हिसका नेहमी रुळांच्या दिशेने असतो. वळणावर डबा थोडा कलतो, पण ते हेलकावे सौम्य. खरा धोका पुढून-मागून. म्हणून आडव्या भिंतीला मारलेल्या फळीवरच्या वस्तू हिसक्यासरशी थेट समोरच्या बाकावर झेप घेतात. तीच फळी खिडकीच्या बाजूच्या भिंतीला मारावी, तिची दोन्ही टोके बंद करावीत आणि समोर दोन बोटे उंचीची पट्टी ठोकावी. मग वस्तू फळीवरच्या फळीवर सरकून टोकाला टेकतात, पडत नाहीत. शिवाय फळी गच्च भरलेली हवी. माझी चाळीस-एक पुस्तके खेटून लावली की कितीही धक्के बसोत, हूं की चूं करीत नाहीत; त्यातली दोन कोणी वाचावयास नेली की उरलेली सगळी रात्रभर खडखडतात. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे मला फळीने शिकविले.

मिस्त्रींचे शास्त्र ऐकत असताना मला वारंवार वाईच्या आमच्या वाड्याची आठवण होत असे. तो वाडा आता आमचा नाही. तीन वर्षांपूर्वी सर्व भावाबहिणींच्या संमतीने विकला. त्या घराच्या माजघरात सामान ठेवण्याच्या किती तऱ्हा होत्या! भिंतीत कोनाडे होते, फडताळ होते, तुळईला टांगलेले शिंके होते, कपड्यांसाठी दांडी होती, जागोजाग सागवानी खुंट्या होत्या आणि कोपऱ्यात आजीची उतरंड होती: खाली मोठे मडके, त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान, अशी सात मडकी. हे सारे एकाच संसाराचे म्हणून आम्ही पाहिले. पण डब्यात राहू लागल्यावर त्यांच्यातला भेद ध्यानात आला. उतरंड ही न हलणाऱ्या घराची कुलस्वामिनी. आपल्या खालची जमीन हलणार नाही, या अढळ विश्वासावर ती रचलेली असते. डब्यात ती एक रात्रही टिकणार नाही. उलट शिंके आणि खुंटी यांना जमिनीशी कर्तव्यच नाही. शिंके हिसक्याला विरोध करीत नाही. हिसक्याबरोबर झोका घेते आणि पुन्हा जागेवर येते. म्हणून माझा पाण्याचा माठ मी सुतळीच्या शिंक्यात टांगला आहे. खाली चुंबळीवर ठेवला असता तर हिसक्याला कलंडला असता. शिंक्यात तो डुलतो, आणि काठोकाठ भरला नसेल तर थेंबही सांडत नाही. मांजरापासून दूध राखण्यासाठी आमच्या आजीने जे वापरले, ते इंजिनापासून पाणी राखण्याच्या उपयोगी पडावे, ही गंमत तिला सांगावयास हवी होती.

वाटणीच्या वेळी ज्याने त्याने आपापल्या घरात मावेल ते नेले. झोपाळा थोरल्या बंधूंकडे पुण्याला गेला, तांब्याचा बंब बहिणीकडे. मी माजघरातली एक खुंटी काढून आणली. ती कोणी मागितली नव्हती. ती आता माझ्या खोलीत, दाराशेजारी बसविली आहे.

लहान जागेचे काही नियम स्थिर घरात राहून कळत नाहीत. येथे वस्तूला एकच काम असून चालत नाही. पाट बसावयास, तोच चढावयास, तोच भाजी चिरावयास. वळकटी रात्री अंथरूण, दिवसा तक्क्या. डबे असे घ्यावे की रिकामे झाल्यावर एकात एक बसतील. माझे मेतकुटाचे, गोड्या मसाल्याचे आणि कुळथाच्या पिठाचे डबे फिरकीच्या झाकणाचे आहेत, ते उलटेपालटे झाले तरी तक्रार करीत नाहीत. देवांचाही एक डबाच आहे. मुक्काम असेपर्यंत ते फळीवर उभे असतात. डबा हलण्याची वर्दी आली की त्यांना रेशमी फडक्यात गुंडाळून आडवे करतो. प्रवासात देवांनाही आडवे व्हावे लागते. पण सर्वांत मोठा नियम हा की, अशा जागेत एका वेळी एकच काम होते. जेवणाचे ताट मांडावयाचे तर हजेरीपट मिटला पाहिजे. कपड्यांची पेटी उघडावयाची तर आपण बाकावर पाय घेऊन बसले पाहिजे. पहिल्या महिन्यात याचा जाच वाटला. आता असे वाटते की मोठ्या घरात आपण जी चार कामे एकदम मांडून बसतो, त्यांपैकी तीन केवळ जागा आहे म्हणून मांडलेली असतात.

रात्री यंत्र थांबल्यावर मोबाइलवर वाचता वाचता मला कळले की अमेरिकेत अशा घरात हौसेने राहणारी माणसे आहेत. मोटारीमागे जोडावयाचे लहानसे चाकांचे घर घेऊन ती बारा महिने फिरतात. वॉली बायम नावाच्या गृहस्थाने १९३६ साली ‘एअरस्ट्रीम’चे चकचकीत ॲल्युमिनियमचे असे घर विक्रीला आणले आणि पुढे १९५९ साली तशा घरांचा एक तांडाच केपटाऊनहून कैरोकडे नेला. त्यांच्या मांडामांडीचे शास्त्र आमच्याहून थोडे निराळे आहे. आमचा डबा रुळांना बांधलेला. सामान कोठेही ठेवले तरी तो वाट सोडीत नाही. त्यांचे घर मात्र मोटारीच्या पाठीला एका सांध्यावर लटकलेले. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार त्या सांध्यावर यावा लागतो. जड सामान मागच्या टोकाला गेले आणि सांधा हलका झाला, की घर शेपटीसारखे डोलू लागते आणि मोटारीलाच खेचते. म्हणून जड ते चाकांच्या आसावर आणि किंचित पुढे, जमिनीलगत. हलके ते वर आणि टोकांना. तेथे पाणीसुद्धा मोजून भरतात, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. गृहिणीने तांदळाचा डबा कोठे ठेवावा यावर गाडीचा तोल अवलंबून असावा, हे वाचून मला त्या गृहिणींविषयी मोठा आदर वाटला.

पण चाकांवरचे घर पाहावयास अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. आमचे काम सध्या कोट्याहून चितोडकडे जाणाऱ्या मार्गावर चालले आहे आणि स्टेशनाबाहेरच्या रस्त्याला गाडिया लोहारांचे बिऱ्हाड कधी तरी दिसते. १५६८ साली चितोड पडले तेव्हा, गड परत मिळेपर्यंत गडावर पाऊल ठेवणार नाही, एका जागी घर करणार नाही, खाटेवर निजणार नाही, अशी शपथ त्यांच्या पूर्वजांनी घेतल्याचे ते सांगतात. नक्षीच्या बैलगाडीतच त्यांचा संसार. भाता, ऐरण, धान्य, भांडी, लेकरे. शेकडो वर्षांनी, १९५५ सालीच, पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांनी चितोडगडात समारंभाने पुन्हा प्रवेश केला. ज्या वर्षी पेरांबूरला चालत्या खोल्यांचा कारखाना निघाला, त्याच वर्षी चालत्या घरांतल्या या माणसांना, आता थांबा, असे सांगण्यात आले. तरीही त्यांच्यातले अनेकजण पुढे गाडीबरोबरच राहिले. एकदा खुरपे शेवटून घेताना मी त्यांच्यातल्या एका बाईला विचारले की एवढ्याशा गाडीत सगळे मावते कसे. ती हसून म्हणाली, “न मावणारं आम्ही घेतच नाही.” हौशीने फिरणारा अमेरिकन आणि हुकुमाने फिरणारा मी, आम्हा दोघांनाही मांडामांडीचा प्रश्न पडतो. शपथेने फिरणाऱ्या त्या बाईला तो पडला नव्हता.

मला पडतो, त्याचे कारण समोरचा बाक. खोलीत दोन बाक आहेत आणि मी एकटा. पहिल्या महिन्यापासून प्रत्येक वस्तू त्या बाकाकडे सरकू पाहते. आज एखादी फाइल, उद्या छत्री, परवा कांद्याची पिशवी. रिकामी जागा ही वस्तूंना उताराप्रमाणे असते. न ढकलताही त्या तिकडे घरंगळतात. आणि तो बाक मला रिकामा हवा. आठवड्याच्या सुट्टीला सौ. आणि आमची सहा वर्षांची मुलगी कोट्याहून सकाळच्या गाडीने येतात. सौ. त्या बाकावर बसून खिडकीतून पाहत डाळिंब सोलते. मुलगी खुंटीला आपली टोपी अडकवते, शिंक्याची गाठ तपासते आणि मग तिथेच झोपते. एकदा तिने विचारले, “बाबा, आम्ही नसताना इथं काय ठेवता?” मी म्हटले, “काही नाही.” ती म्हणाली, “मग आमची जागा आहे ही. कळलं.” त्या दिवसापासून बाकावर वर्तमानपत्र ठेवतानाही मला कोणाची तरी परवानगी घ्यावी असे वाटते. चाळीस पुस्तके बांधता येतात, माठ टांगता येतो, देव आडवे करता येतात. पण हलत्या घरात सांभाळण्यास सर्वांत कठीण वस्तू कोणती असेल तर ती मोकळी जागा.

गेल्या आठवड्यात पुढच्या मुक्कामाचा हुकूम आला. येत्या गुरुवारी डबे चितोडच्या अंगाला नेऊन उभे करावयाचे आहेत. तेथून कोटा दीडशे किलोमीटरांवर पडेल. सकाळी येऊन संध्याकाळी परतणे जमावयाचे नाही. सौ.ची शाळेतली नोकरी, मुलीचा अभ्यास, हे सारे पाहता आता महिन्याकाठी एक भेट, तीही सलग सुट्ट्या आल्या तर. आम्ही दोघांनी हे टेलिफोनवर हिशेबासारखे मांडले आणि हिशेबासारखेच मिटविले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सुट्या भागांच्या नोंदवह्यांच्या चार पेट्या माझ्या खोलीत पाठविल्या. त्या दुसऱ्या डब्यात पावसाने भिजण्याची भीती होती, तेव्हा त्यांचे म्हणणे बरोबरच होते. “समोरचा बाक रिकामाच असतो ना तुमचा?” असे त्यांनी सहज विचारले.

दोन रात्री मी त्या पेट्यांबरोबर घालविल्या. पट्टीने मापे घेतली, कागदावर आकृत्या काढल्या. शेवटी माझ्या बाकाखालची कपड्यांची पेटी काढून कोट्याला धाडली, कपडे तीन जोडांवर आणून वळकटीत घातले, पुस्तकांपैकी पंधरा पथकातल्या तरुण मंडळींना वाटली आणि उरलेल्या फटीत वर्तमानपत्रे कोंबली. दोन पेट्या बाकाखाली गेल्या. तिसरी माझ्या पायथ्याशी आली. आता मी थोडा आखडून निजतो. चौथी मेजाच्या फळीखाली उभी राहिली, तिला दोरीने जखडले. साहेब पाहून गेले आणि काही बोलले नाहीत. मिस्त्रींनी दोरीच्या गाठी ओढून पाहिल्या, मान डोलावली आणि समोरच्या बाकाकडे एकवार पाहिले.

बुधवारी रात्री माठ अर्धा करावयाचा आहे, देव गुंडाळावयाचे आहेत, पंख्याच्या जाळीला फडके बांधावयाचे आहे. समोरच्या बाकावर बांधण्यासारखे काहीच नाही. तेवढ्या भागाला वेळ लागणार नाही.