गव्हाणीची नाचणी

भिवंडी,
14 डिसेंबर 2025

प्रिय ताई,

‘रात्री फोन करतो’ म्हणालो त्याला आठवडा झाला. फोनवर सांगता येणार नाही असं काहीतरी होतं, म्हणून लिहितोय.

आधी कामाचं. तुझ्या गुडघ्यामुळे यंदा नाताळच्या गव्हाणीची हिरवळ माझ्याकडे आली, ती आज पेरली. पंचवीसला दहा-अकरा दिवस राहिले की पेरायची, हा आईचा हिशेब. रात्रभर भिजवलेली नाचणी ॲल्युमिनियमच्या दोन थाळ्यांत, खाली बोटभर माती, वर ओला फडका. थाळ्या खिडकीत ठेवल्यात. खिडकीखालीच यंत्रमागाचं पत्र्याचं छप्पर आहे. माग सुरू असले की थाळीच्या कडेला साचलेलं पाणी सारखं थरथरतं. अशा हादऱ्यात रुजेल ना गं?

आगमनकाळाच्या मेणबत्त्याही लावल्यात, मागवाल्याकडून आणलेल्या चार रिकाम्या बॉबिनांवर. आज तिसरा रविवार, म्हणून गुलाबी पेटवली. गंमत म्हणजे अख्ख्या कापडाच्या गावात जांभळी फीत मिळेना. इथे मागावरून उतरतं ते बहुतेक कोरं, ग्रे कापड. त्याला रंग लागतो तो पुढे, दुसरीकडे. शेवटी गोदामातल्या एका फाटक्या खोक्यावरची फीत आणून गुंडाळली. ही मेणबत्त्यांची पद्धत मुळात आपली नव्हेच. 1839 साली हॅम्बुर्गला विखर्न नावाच्या पाद्रीबाबांनी गरीब मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण ‘नाताळ कधी?’ विचारून पोरं भंडावून सोडत. प्रोटेस्टंट माणसाची युक्ती आपण कॅथलिकांनी बिनदिक्कत उचलली. बरं केलं.

आमच्या गोदामात मात्र कुणी वाट बघितलेली चालत नाही. आज मागवलेलं उद्या दारात पोचलं पाहिजे. डिसेंबर लागला की खोक्यांची रांग संपत नाही. लोकांच्या नाताळच्या भेटी माझ्या हाताखालून जातात आणि मी पहाटेच्या मिस्सेत जांभया देतो.

आता मूळ गोष्ट. दिवाळीच्या गर्दीत एक खोकं कमी भरलं. त्या पाळीला माल उतरवणाऱ्या एका पोराच्या नावावर मी ते लिहून मोकळा झालो. सहाशे रुपये त्याच्या पगारातून गेले. नोव्हेंबरात रॅक सरकवला तेव्हा खोकं भिंतीशी पडलेलं सापडलं. मी गुपचूप ते स्टॉकात चढवलं. कागद जुळले. त्या पोराला काही बोललो नाही. बोललो असतो तर उद्यापासून माझं कोण ऐकणार, अशी माझी समजूत.

गेल्या रविवारी प्रायश्चित्ताला गेलो. बाकीची पापं सांगून झाल्यावर हेही घाईघाईत सांगून टाकलं. वाटलं, दोन-तीन ‘नमो मरिया’त सुटेल. फादरनी विचारलं, ‘त्याला सांगितलंस?’ म्हटलं, नाही. ‘मग मला का सांगतोस? म्हणजे, मलाही सांग, पण आधी तिकडे जा.’ आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मला राग तरी धरता आला असता.

तरी सहा दिवस काढलेच. शनिवारी, म्हणजे काल, जेवणाच्या सुट्टीत त्याला बाजूला घेतलं. तो डबा उघडून बसला होता, चपाती आणि बटाटा. मी सगळं सांगितलं, सहाशे रुपये पुढे केले. त्याने हात पँटला पुसला, नोटा मोजल्या आणि म्हणाला, ‘मालूम था साब. रॅक तो मैंने ही हटाया था.’

महिनाभर रोज सकाळी तो मला सलाम करत होता, ताई.

आज याकोबाच्या पत्रातलं वाचन होतं, पावसाची धीराने वाट बघणाऱ्या शेतकऱ्याचं. शेजारचे एक काका डुलकी घेत होते. एरवी मीही घेतली असती.

असो. चोवीसला दुपारी निघेन. भिवंडी रोडहून वसईची गाडी पकडतो. थाळ्या मांडीवर घेऊन बसायला जागा मिळाली तर ठीक, नाहीतर खारबाव, कामण, जूचंद्र असं करत त्या डोक्याशी धरून उभं राहावं लागेल. कुलकुलांचं पीठ तू मळून ठेव, वळायला मी बसतो. फणी मात्र नवी आण. मागच्या वर्षी काट्याच्या पाठीवर वळलेली सगळी चपटी झाली होती, आणि नाव माझं आलं.

गव्हाणीची जागा झाडून ठेव. आणि तिकडे दोन मुठी गहू भिजत घाल. माझी नाचणी नाहीच रुजली तर हाताशी असावेत.

तुझा,
धाकटा